अनुभव किती वर्षांचा?

गेल्या वर्षावासातील गोष्ट. सास्तूरच्या आमच्या वस्तीत रविवारची सामुदायिक वंदना आटोपली, खीरदान झाले, मंडळी चपला शोधू लागली. तेवढ्यात वस्तीतील एक मुलगी आमच्यापुढे येऊन उभी राहिली. मागे तिची आई. मुलगी त्याच वर्षी बी.कॉम. झालेली, मार्क बरे, बोलायला मात्र संकोची.

"जयभीम काका," ती म्हणाली. "बँकेत कंप्लायन्स नावाचे काम असते ना? पुण्याच्या एका कंपनीची जाहिरात मैत्रिणीने पाठवली आहे. त्यात दोन वर्षांचा अनुभव मागितलाय. पहिली नोकरीच मिळाली नाही तर अनुभव कुठून आणायचा?"

ती पुढे काही बोलणार तोच आई म्हणाली, "दादा, हिला तुमीच समजावून सांगा. असल्या कामाला आपल्याला कोण घेतंय? शिवणक्लास लावला तर चार पैसे तरी मिळतील."

आम्ही त्या दिवशी "बघू, सांगतो" म्हणून वेळ मारून नेली. कारण उत्तर दोन वाक्यांत मावणारे नव्हते. असा प्रश्न घरोघरच्या पदवीधर मुला-मुलींना पडत असेल, म्हणून वाचक बंधू-भगिनींपुढेच ते सविस्तर मांडतो.

प्रथम कंप्लायन्स म्हणजे काय ते साध्या शब्दांत. रिझर्व्ह बँक आणि सरकार बँकांना नियम घालून देतात. ते नियम शाखेत खरोखर पाळले जातात की नाही हे पाहायचे, पाळले जात नसतील तर वरपर्यंत कळवायचे, आणि पाळल्याचा पुरावा कागदावर ठेवायचा. मराठीत त्याला अनुपालन म्हणतात, पण बँकेत तसे कोणी म्हणत नाही. खातेदाराची ओळख पटवणे म्हणजे केवायसी, काळ्या पैशावर नजर ठेवणे, तक्रारींचा निपटारा, ठरल्या तारखेला विवरणपत्रे पाठवणे, हे सारे त्यात येते.

आम्ही या कामात आलो ते ठरवून नव्हे. बी.कॉम. झाल्यावर बरीच वर्षे आम्ही बाजार समितीतील एका आडत दुकानात मुनीम होतो. रोजमेळ लिहायचा, खतावणी करायची, शेतकऱ्याची पट्टी काढायची, हमाली-तोलाई वजा करायची. पस्तिशी उलटल्यावर तालुक्याच्या गावी एका लहानशा बँकेत कारकुनाची जागा मिळाली. तीन-चार वर्षे काउंटरवर गेली आणि २०२१ साली एके दिवशी साहेबांनी बोलावून सांगितले की उद्यापासून तुम्ही कंप्लायन्सच्या टेबलावर. आम्ही म्हटले, "साहेब, आम्हाला त्यातले काही येत नाही." साहेब म्हणाले, "इथे कुणालाच येत नाही. तुमचे अक्षर चांगले आहे." आमची निवड झाली ती अशी, अक्षरावर!

पहिला महिना अंधारात चाचपडण्यात गेला. कपाटभर परिपत्रके, सगळी इंग्रजीत. सीटीआर, एसटीआर, ओव्हीडी अशी अक्षरे डोळ्यांपुढे नाचत. पहिले परिपत्रक पुरते वाचायला आम्हाला चार संध्याकाळी लागल्या. शेजारी मुलीचा शब्दकोश, चहा गार होतोय, आणि सौ. विचारतात, "पुन्हा परीक्षेला बसताय काय?"

आणि ज्याला काही येत नाही तो घाईत जी चूक करतो, ती आम्हीही केली. ती इथे लपवत नाही.

नियम असा आहे की बँकेने प्रत्येक खातेदाराचा जोखीम वर्ग ठरवायचा. जोखीम जास्त असेल तर दर २ वर्षांनी, मध्यम असेल तर ८ वर्षांनी आणि कमी असेल तर १० वर्षांनी केवायसी ताजी करायची. आमच्या संगणकात शेकडो खात्यांपुढे तो रकाना कोराच होता, कोणी कधी भरलाच नव्हता. आम्ही नवे, उत्साही. कोरा म्हणजे धोक्याचा असे धरून चाललो. सगळी कोरी खाती थकीत म्हणून यादीत घातली, यादी शाखेला दिली, आणि शाखेने त्या खात्यांतून पैसे काढणे थांबवले.

त्या यादीत कोण निघावे? निराधारचा पगार घेणाऱ्या म्हाताऱ्या. त्या वेळी महिन्याला हजार रुपये मिळत. हजार रुपयांवर जगणाऱ्या बाया आमच्या यादीत जास्त जोखमीच्या ठरल्या होत्या!

एक मावशी सास्तूरहूनच आल्या. आमच्या आईच्या बरोबरीच्या. आधारवर नाव एका तऱ्हेने, पासबुकावर दुसऱ्या तऱ्हेने. काउंटरवरच्या पोराने सांगितले, नाव नीट करून आणा. त्या गेल्या, पुन्हा आल्या. आता म्हणे पत्त्याचा पुरावा आणा. तिसऱ्या खेपेला त्या थेट आमच्या टेबलाशी आल्या. खुरपणीची तीन दिवसांची मजुरी बुडालेली, एसटीचे भाडे वेगळे. त्यांनी आरडाओरडा केला नाही. एवढेच म्हणाल्या, "लेका, भूकंपात सगळं गेलं तवा बी एवढी कागदं कुणी मागितली न्हवती."

हे वाक्य सास्तूरच्या माणसाला कुठे लागते ते सास्तूरचाच माणूस जाणे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, चार वाजायला चार-पाच मिनिटे कमी. आम्ही तेव्हा तेरा वर्षांचे होतो. आदल्या रात्री गणपती विसर्जनाची वर्दळ झालेली. दगड-मातीची घरे क्षणात खाली आली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत हजारो माणसे गेली. जी वाचली त्यांच्याकडे अंगावरच्या कपड्यांखेरीज काही नव्हते. रेशनकार्ड ढिगाऱ्यात, शाळेचा दाखला ढिगाऱ्यात, आणि जे नाव सांगून ओळख द्यायची ते नाव ओळखणारा शेजारीही ढिगाऱ्यात. मदत वाटपाच्या वेळी हा माणूस अमक्याचाच मुलगा आहे हे सांगायला पंच उभे करावे लागले. आमच्या घरात पहिले पासबुक आले ते त्यानंतर. तोवर आमचे वडील, कालकथित, बँकेच्या पायरीवरही कधी चढले नव्हते. ते पासबुक त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आयुष्यभर जपले.

मावशी गेल्यावर आम्ही त्या संध्याकाळी रिझर्व्ह बँकेचे केवायसीचे निर्देश पुन्हा काढले. या खेपेला पहिल्या पानावर थांबलो नाही. पुढे गेल्यावर स्पष्ट लिहिलेले सापडले: खातेदाराच्या माहितीत काही बदल झालेला नसेल तर, बदल नाही, एवढे त्याने स्वतः लिहून दिले की पुरे. २०२१ पासूनचा नियम. नवे कागद मागण्याचे कारणच नव्हते. मुळात मावशींचे खाते कमी जोखमीचे, उघडून दहा वर्षेही झाली नव्हती, म्हणजे त्यांना बोलवायचीच गरज नव्हती. तीन खेपा, तीन दिवसांची मजुरी, सगळे आमच्या अर्धवट वाचनापायी गेले.

दुसऱ्या दिवशी साहेबांपुढे चूक कबूल केली. यादी मागे घेतली. मग तीन महिने बसून प्रत्येक कोऱ्या खात्याचा वर्ग ठरवला. आम्ही कंप्लायन्सचे काम शिकलो ते या तीन महिन्यांत. मावशींना घरी जाऊन सांगून आलो. त्यांनी चहा दिला, पण माफ केले असे काही म्हणाल्या नाहीत.

ही हकीकत लांबवली, कारण या कामातले मर्म त्यात आहे. नियम गरिबाच्या विरोधात आहे असे आपल्याला सतत वाटते, आणि ते वाटणे अनुभवातून आलेले आहे. पण पुष्कळदा नियमात गरिबाची सोय लिहिलेली असते आणि ती शेवटच्या पानांवर असते, जिथपर्यंत कोणी पोहोचत नाही. आणखी एक उदाहरण पाहा. ज्याच्याजवळ ओळखीचा एकही सरकारी कागद नाही, त्यालाही बँकेत लघु खाते उघडता येते. २०१० साली काळा पैसा प्रतिबंधाच्या नियमांत ही तरतूद आली. स्वतःचा फोटो द्यायचा, बँकेच्या अधिकाऱ्यासमोर सही किंवा अंगठा करायचा. मर्यादा आहेत: वर्षभरात एकूण १ लाख रुपये जमा, महिन्याला १० हजारांपर्यंत काढता येतात, शिल्लक ५० हजारांच्या वर नको. वर्षभर खाते चालते, आणि कागदासाठी अर्ज केल्याचा पुरावा दाखवला की आणखी वर्षभर. वीटभट्टीवर आणि ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या किती माणसांना हे ठाऊक आहे? किती कारकुनांना ठाऊक आहे, हाही प्रश्नच.

नियम जाचक वाटतात, पण ते नसले किंवा कागदावरच राहिले तर काय होते तेही आपण पाहिले आहे. आमच्या भागात एका पतसंस्थेची पिग्मी गोळा करणारा पोऱ्या रोज वस्तीत येई. दहा-दहा, वीस-वीस रुपये बायकांनी दिले. लेकीच्या लग्नाला म्हणून, कुणी घराच्या पत्र्याला म्हणून. एके दिवशी दाराला कुलूप. वाचकहो, इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. बँकेला रिझर्व्ह बँकेचा परवाना असतो आणि ठेवीला विमा असतो. ४ फेब्रुवारी २०२० पासून दर ठेवीदाराला एका बँकेत ५ लाखांपर्यंतचा. पतसंस्थेतील ठेवीला हे विम्याचे छत्र नाही. आमच्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, वसंतदादा नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२१ मध्ये रद्द केला. त्या वेळी ९९ टक्क्यांहून अधिक ठेवीदारांना विम्यातून पूर्ण रक्कम मिळेल असे रिझर्व्ह बँकेने जाहीर केले होते. मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले तेव्हा ठेवीदाराला सुरुवातीला फक्त १ हजार रुपये काढता येत होते. पुढे जानेवारी २०२२ मध्ये ती युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. विमा असूनही माणसांचे हाल होतात. मग विमा नसलेल्या ठिकाणी घाम गाळून मिळवलेला पैसा ठेवताना दहादा विचार करावा.

आता मूळ प्रश्नाकडे. अनुभव.

आपल्या आधीच्या पिढीची अडचण वेगळी होती. वस्तीतले एक काका मॅट्रिक झालेले, हिशेबात तरबेज. १९५६ नंतर घर बौद्ध झाले, दाखल्यावर बौद्ध लिहिले गेले. राज्यात सवलत मिळे, पण केंद्र सरकारच्या आणि राष्ट्रीयीकृत बँकांच्या जागांसाठी तो दाखला चालत नसे. १९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन अनुसूचित जातींच्या यादीत बौद्धांचा समावेश झाला तेव्हा काकांचे वय निघून गेले होते. त्यांच्यानंतरच्यांना बँकांचे दार उघडले आणि आपल्या अनेक घरांत त्यामुळे चूल नीट पेटली. आज मात्र सरकारी बँका विलीन होत होत १ एप्रिल २०२० नंतर १२ उरल्या, आणि नव्या जागा पुष्कळशा खाजगी बँकांत व पुण्या-मुंबईतील परदेशी बँकांच्या कार्यालयांत निघतात. तिथे आरक्षण नाही. तिथे विचारतात, अनुभव किती वर्षांचा?

आमचा अनुभव असा की या कामाला लागणारी दृष्टी बँकेबाहेरही तयार होते. उदाहरणार्थ, एका महिन्यात खात्यात १० लाखांच्या वर रोख जमा झाली किंवा काढली गेली तर तिची माहिती पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत दिल्लीच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे पाठवावी लागते. तो सीटीआर. त्यात संशय नाही, नुसता आकडा आहे. व्यवहार संशयास्पद वाटला तर एसटीआर. तो मात्र माणसाने डोके चालवून ठरवायचा. आता आडत्याच्या खात्यात दिवाळीच्या आगेमागे लाखोंची रोख फिरली तर शहरातला साहेब दचकतो. आम्ही दचकत नाही. सोयाबीन निघालेले असते, शेतकरी दारात उभा असतो. पण तसलीच रोख मे महिन्यात फिरू लागली तर आम्ही पेन खाली ठेवतो. मे महिन्यात कसले सोयाबीन? आडत दुकानातील ती वर्षे आम्ही अर्जात अनुभव म्हणून लिहीतच नव्हतो. लिहायला हवी होती.

एसटीआर कुणावर लिहिला हे बाहेर सांगणे कायद्याने मना आहे. आम्ही घरातही बोलत नाही, इथेही बोलणार नाही. पण एक सर्वसाधारण इशारा द्यायलाच हवा. हल्ली पोरांना गाठून सांगतात, तुझे खाते, एटीएम कार्ड आणि सिमकार्ड महिनाभर दे, पाच हजार घे. त्या खात्यातून कुणाचे तरी लुटलेले पैसे फिरवले जातात. पोलीस येतात ते खात्यावर ज्याचे नाव आहे त्याच्या दारी. फिरवणारा मोकळाच राहतो. आई-बापांनी मुलांना बसवून हे सांगावे. विहारातही आम्ही दर पौर्णिमेला सांगतो. चार पोरे हसतात, पण ऐकतात.

सुरुवात कशी करावी? आम्हाला विचाराल तर एक दोनशे पानी वही घ्यावी. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर सगळे निर्देश फुकट आहेत, बऱ्याच गोष्टी हिंदीतही आहेत. एक निर्देश घ्यायचा आणि रकाने पाडायचे: कोणत्या तारखेचा, कोणता परिच्छेद, बँकेने काय करायचे, किती मुदतीत, कोणी करायचे, आणि केल्याचा पुरावा कोणता. रोज एक परिच्छेद. इंग्रजीला भ्यायचे कारण नाही, ते कवितेचे इंग्रजी नव्हे. तीच ती वाक्ये पुन्हा येतात. दोन शब्द मात्र गिरवून घ्यावेत, 'शॅल' आणि 'मे'. शॅल म्हणजे करावेच लागेल. मे म्हणजे करता येईल, सक्ती नाही. जिथे मे आहे तिथे काउंटरवर शॅलसारखी सक्ती केली जाते, आणि जिथे शॅल आहे तिथे बघू म्हटले जाते. हा फरक पकडता आला की तुम्ही कामाला लागलात.

नव्या माणसासाठी आणखी एक बाब अनुकूल आहे. २८ नोव्हेंबर २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेने नऊ हजारांवर जुनी परिपत्रके रद्द करून, बँकेच्या प्रकारानुसार मांडणी केलेले २४४ एकत्रित निर्देश काढले. म्हणजे वीस वर्षे खुर्चीत बसलेल्यालाही आता नव्याने पाने उलटावी लागत आहेत. जुन्यांना कुठला नियम कुठल्या साली आला ते तोंडपाठ असते, ते नव्याला यायला वेळ लागेल. पण पुस्तक सर्वांसमोर एकाच दिवशी उघडले आहे.

परीक्षेचे म्हणाल तर मुंबईची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्स ही १९२८ पासूनची संस्था केवायसी आणि काळा पैसा प्रतिबंध या विषयावर प्रमाणपत्र परीक्षा घेते. बँकेत नोकरी नसलेल्यालाही ती देता येते. तेवढ्याने नोकरी लागत नाही, पण अर्ज बाजूला फेकला जात नाही. शहरातील सनदी लेखापालांकडे बँक शाखांच्या समवर्ती लेखापरीक्षणाचे काम असते. त्यांना बी.कॉम. झालेली, कंटाळा न करता व्हाउचर तपासणारी मुले लागतात. पगार तुटपुंजा, पण दोन वर्षांत शाखेचे पोट आतून दिसते. गावात राहूनच करायचे तर बँक मित्राचे काम आहे, त्याचीही वेगळी परीक्षा आहे. अंगठा लागत नाही, नाव जुळत नाही, या रोजच्या रडगाण्यातच केवायसी शिकता येते. पुण्यात खराडी-येरवडा भागात परदेशी बँकांची मोठी कार्यालये आहेत, तिथे केवायसीची कागदपत्रे तपासायला पदवीधर घेतात. पाळीचे काम, इंग्रजीत लिहिणे, दिवसभर पडद्यापुढे. मराठवाड्यातली मुले तिथे आहेत आणि टिकली आहेत.

दोन गोष्टींपासून मात्र लांब राहावे. एक, नोकरीची हमी देऊन पन्नास-साठ हजार फी घेणारे क्लास. दुसरी, अनुभवाचे खोटे पत्र विकणारे दलाल. कंपन्या आधीच्या नोकरीची चौकशी करतात आणि पत्र खोटे निघाले की माणूस कायमचा बाद. शिवाय खोटे कागद पकडण्याच्या कामाला खोटा कागद दाखवून शिरायचे, याला काय म्हणावे? पंचशील आपण दर रविवारी म्हणतो.

कागदाचा विषय निघालाच आहे तर एक कडू गोष्ट सांगतो. १४ एप्रिलच्या भाषणांत रिझर्व्ह बँक बाबासाहेबांनीच स्थापन केली असे बिनदिक्कत ठोकून दिले जाते. पूर्वी आम्हीही ठोकत होतो. कंप्लायन्सच्या टेबलाने आमची जीभ आवरली. पुरावा आहे तेवढेच बोलावे, आणि तेवढे थोडे नाही. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. १९२५ साली त्यांनी हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली. त्या आयोगाने १९२६ मध्ये मध्यवर्ती बँकेची शिफारस केली, १९३४ मध्ये कायदा झाला आणि १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली. ज्या घरात बँकेची पायरी माहीत नव्हती त्या समाजातला माणूस चलनाच्या प्रश्नावर आयोगापुढे बसून बोलला. याला आणखी मीठ-मसाला कशाला?

वरच्या जागांचेही सांगून ठेवतो, कारण मुलांनी तिथवर नजर टाकावी. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२० मध्ये बँकांच्या मुख्य कंप्लायन्स अधिकाऱ्याबाबत परिपत्रक काढले. त्यात किमान १५ वर्षांचा बँकिंग किंवा वित्तीय क्षेत्रातील अनुभव मागितला होता. आकडा मोठा वाटतो. पण बाविसाव्या वर्षी कामाला लागलेली मुलगी सदतिसाव्या वर्षी तिथे अर्ज करू शकते. आम्ही त्या वयात काउंटरवर नोटा मोजत होतो.

असो. दिवाळीनंतर ती मुलगी पुन्हा विहारात भेटली. वही आणली होती. आईही होती, पण शिवणक्लासचा विषय तिने काढला नाही. वहीत अकरा नोंदी होत्या. दोन ठिकाणी मुदत चुकली होती, ती आम्ही दाखवली. एके ठिकाणी आमचेच म्हणणे चुकले होते, ते तिने दाखवले. परीक्षेचा फॉर्म भरला आहे, केंद्र लातूर मागितले आहे. परीक्षेच्या आठवड्यात पाहुणे दाखवायला आणायचे नाहीत, एवढे आम्ही तिच्या वडिलांकडून कबूल करून घेतले.

जाताना तिने एक शंका विचारली. जून २०२५ च्या दुरुस्तीनुसार केवायसीत बदल नसल्याचे लेखी निवेदन बँक मित्राकडेही देता येते. पण गावातला बँक मित्र नाही म्हणाला, तर त्याच्या नकाराची नोंद बँकेच्या कोणत्या वहीत होते? आम्ही पुष्कळ शोधले. मग सोलापूरला याच कामात असलेल्या एका स्नेह्यांना पत्र टाकले. उत्तर अजून आलेले नाही.